डावीकडचे तारे

शाळेच्या बसचे मामा बोलायला कमी, पण बघायला पक्के. मागच्या बाकावर कुणाचं दप्तर कुणाच्या डोक्यात बसलं, ते आरशात पाहून हाक मारत. त्यामुळे मामांना पाठीलाही डोळे आहेत, अशी मुलांची खात्री होती.

सकाळची फेरी झाली की मामा घरी संगणकापुढे बसत. कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीनं पूर्वी काढलेले आकाशाचे फोटो त्यांच्यासारख्या हौशी माणसांसाठी खुले होते. उजेड कमी-जास्त होणारा तारा त्यांतून हुडकायचा. मामांची रीत ठरलेली. मधल्या एका भरवशाच्या ताऱ्यावर नजर रोवायची आणि भोवतालचे तारे डोळ्याच्या कडेनं त्याच्याशी ताडून बघायचे. नकाशात लिहिलंय त्याहून एखादा मंद वाटला, की तो संशयित.

"एवढे संशयित धरायचे होते तर पोलिसांत जायचं," मामी म्हणत. "बस कशाला चालवत बसलात?"

त्या महिन्यात तर संशयितांचं पीकच आलं. मामा खुशीत. पण या हौशी मंडळींच्या गटात तपासणीचं काम औषधाच्या दुकानात बसणाऱ्या एका बाईकडे होतं, आणि ती दर वेळी यंत्रानं मोजून कळवी: उजेड होता तेवढाच आहे.

"तुझ्या यंत्रालाच चष्मा लाव," मामा म्हणाले.

ती हसली. दुसऱ्या दिवशी तिनं एक फोटो पाठवला. मामांनी लगोलग उत्तर दिलं: मधल्या ताऱ्याच्या डावीकडे, खाली, एक पार विझत आलाय.

मामा जेवणावरून उठून हात धुताहेत, तोच तिचा फोन आला.

"मामा, रागावू नका. हा तुमचा कालचाच फोटो आहे. मी अर्धा फेरा फिरवून, उलटा करून पाठवला."

"मग?"

"काल विझलेला दिसला, तो तारा आता उजवीकडे वर आहे. त्याच्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. तुमचे सगळेच संशयित डावीकडे, खाली असतात. डोळे कधी दाखवलेत?"

मामांनी संगणकापुढे बसून मधल्या ताऱ्यावर नजर रोवली. डावीकडे काही नाही. नजर तिकडे वळवली, तर तारा लख्ख. पुन्हा मध्ये पाहिलं. पुन्हा गेला.

गेल्या आठवड्यात एक सायकलवाला डावीकडून अचानक बससमोर टपकला होता. मामांनी ब्रेक दाबून त्याला यथेच्छ सुनावलं होतं. तो बापडा एवढंच म्हणत होता, "मी केव्हाचा इथंच आहे हो!"

दुपारची फेरी घ्यायची वेळ झाली.

"किल्ली शोधताय?" मामींनी विचारलं. "ती काय, डाव्या हाताशीच तर आहे!"

मामांनी किल्ली घेतली नाही. बसगाड्या बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

"आज दुसरा ड्रायव्हर पाठवा."

"ताप आहे का?"

"नाही. डावीकडचं दिसत नाही."

"थट्टा करता का मामा? सकाळी तर मुलं आणलीत!"

"आणली," मामा म्हणाले.

सकाळचा रस्ता त्यांनी आठवून पाहिला. उजवीकडचं रंगाचं दुकान आठवलं, गॅरेजचं फाटक आठवलं, त्यापुढचा लंगडा कुत्राही. डाव्या बाजूचं काहीच आठवेना.

पलीकडून साहेब विचारत होते, "कधीपासून, मामा? अहो, कधीपासून?"