सत्तावीस अंशांचं अकोला

एप्रिलच्या शेवटी अकोल्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. डांबर चपलेला सोडत नाही आणि दुपारी रस्त्यात ओळखीचा भेटला तर लोक बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. अशा या शहरात एकतीस वर्षं एक खोली होती, जिचं तापमान कागदोपत्री कधीही सत्तावीसच्या वर गेलं नाही. ती खोली म्हणजे एका कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, आणि ते सत्तावीस अंश राखणारा माणूस म्हणजे तिथला परिचर शेषराव तायडे.

शेषराव माझा जुना सोबती. आमच्या हौशी नाटकमंडळीत मी कधी राजा, कधी सेनापती, कधी बॅरिस्टर होत असे, आणि शेषराव विंगेत पुस्तक धरून उभा असे. तिसऱ्या अंकात मी हटकून वाक्य विसरायचो. तो ते इतक्या हळू पुरवायचा की टाळ्या मलाच पडायच्या. त्या टाळ्यांतला त्याचा वाटा त्याने कधी मागितला नाही. मला तो अजून 'राजे' म्हणतो, त्यात थट्टा किती आणि प्रेम किती हे मी विचारत नाही.

त्याचं सगळ्यांत मोठं नाटक मात्र कॉलेजात झालं. बी.एस्सी.च्या मुलांना एक प्रयोग असतो. शंभर ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला शोरा, जास्तीत जास्त किती विरघळतो ते काढायचं. टाकत जायचं, ढवळत राहायचं. विरघळायचा थांबला की वरचं पाणी गाळून आटवायचं आणि उरलेला शोरा तोलायचा. कॉलेजच्या छापील प्रयोगवहीत वरच लिहिलेलं होतं, 'खोलीचे तापमान २७ अंश', आणि खाली, 'अपेक्षित उत्तर सुमारे ४१ ग्रॅम'. वही लिहिणारे गृहस्थ कुठले होते कोण जाणे. उन्हाळ्यात अकोल्यात उतरलेले नव्हते, एवढं नक्की.

शोरा उष्णतेला फार भुलतो. पाणी जेवढं गरम, तेवढा तो जास्त विरघळतो. शेषरावला हे नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. त्या वर्षी सगळ्या मुलांची उत्तरं वहीच्या दीडपट आली, आणि बाहेरच्या परीक्षकांनी अख्खा वर्ग नापास करण्याची भाषा काढली. शेवटी 'शोराच खराब होता' असं सर्वानुमते ठरलं आणि तो विकणाऱ्या दुकानदाराला कडक पत्र गेलं.

पुढच्या वर्षीपासून शेषराव परीक्षेच्या सकाळी सायकलवर बर्फाची लादी आणू लागला. जस्ताच्या टपात पाणी, पाण्यात बर्फ, त्यात मुलांची काचपात्रं, वर ओलं गोणपाट. तापमान अठ्ठावीस झालं की बर्फाचा तुकडा आत, सव्वीस झालं की बाहेर. टपावर त्याने खडूने लिहिलं, 'हात लावू नये'. आपल्याकडे या तीन शब्दांपुढे विज्ञान थांबतं. एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही की आत काय आहे. विभागप्रमुख गोपाळकृष्ण सर स्टाफरूममध्ये कूलरपुढे बसून 'आमच्या विभागाचे निकाल अचूक असतात' असं पाहुण्यांना सांगत. टप त्यांना दिसत असे, पण त्यांनी तो पाहिलेला नव्हता.

संध्याकाळी माझ्याकडे आला की शेषराव आपलं शास्त्र सांगायचा. "राजे, मीठ म्हंजे कायम नोकरीवाला. पानी थंड असो का गरम, छत्तीस ग्रॅमच्या आसपासच काम करते. शोरा निवडनुकीतला कार्यकर्ता. गरम झाला का वाट्टेल तेवढा विरघळते, थंड झाला का गोटा होऊन खाली बसते. अन् सोड्यातला वायू पुढारी. जरासं तापलं का पहिले तोच पळते."

गेल्या वर्षी, त्याच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना, त्यातल्याच एका पुढाऱ्याने घात केला. परीक्षेच्या दिवशी गावात मोठी सभा होती. शहरातला सगळा बर्फ सभेच्या मठ्ठ्यात गेला. शेषराव दोन कारखाने फिरून रिकाम्या हाताने परतला. परीक्षा दुपारची, प्रयोगशाळेवर पत्रे. टपातलं पाणी त्रेचाळीस अंशांवर होतं.

बारा मुलं होती. बाराही जणांच्या तराजूने सत्तरच्या आगेमागे आकडा दाखवला. अकरा जणांनी तो नीट पाहिला आणि वहीत एक्केचाळीस लिहिलं. बार्शीटाकळीहून रोज एस.टी.ने येणारी दीक्षा गवई ही एकटी बारावी. तिने छापलेल्या सत्तावीसवर काट मारून त्रेचाळीस लिहिलं आणि उत्तर सत्तर ग्रॅम.

पुढचा प्रवेश मी पाहिला नाही, पण शेषरावने मला तो तीनदा करून दाखवलाय, सगळ्यांच्या आवाजात.

परीक्षक होत्या अमरावतीच्या डॉ. चारुशीला मॅडम. शिस्तीच्या. त्यांनी दीक्षाला समोर उभं केलं. "अकरा जणांचं एक्केचाळीस, तुझं सत्तर. चूक कोणाची?"

"मॅडम, पाणी त्रेचाळीस अंश होतं."

"वहीत सत्तावीस आहे."

"वहीत आहे, मॅडम. पाण्यात नव्हतं."

गोपाळकृष्ण सर धावून आले. "बाळ, वाद नको. खोड आणि एक्केचाळीस लिही. मॅडम उदार आहेत."

"मग मी मोजलं त्याचं काय, सर?"

"ते घरी लिहून ठेव."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं देते. दुरुस्त केलंस तर ठीक, नाहीतर या प्रयोगाचे वीस गुण शून्य. आमच्याकडे वीस वर्षं दर उन्हाळ्यात एक्केचाळीसच येतं." वीस गुण गेले असते तर दीक्षा नापास झाली असती. तिला अमरावतीला एम.एस्सी. करायची होती. तिने पेन उचललं, आणि तशीच उभी राहिली.

शेषराव नळाखाली काचपात्रं धूत होता. गप्प राहणं त्याच्या हातचं होतं. ती कला त्याने जन्मभर कमावली होती. त्याने नळ बंद केला.

"मॅडम, एक विचारू का जी? तुमच्या कॉलेजात परिचर कोन हाय?"

"उत्तमराव. का?"

"त्यायले फोन लावा न. स्पीकरवर. इतकंच सांगा का अकोल्यात सत्तर येऊन राह्यले."

उत्तमराव आणि शेषराव विद्यापीठात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उतरवताना भेटत. काय बोलत, ते कुठल्याच प्राध्यापकाला माहीत नव्हतं. मॅडमनी फोन लावला.

"सत्तर?" फोनमधून उत्तमराव म्हणाले. "मंग बर्फ कमी पडला असन, मॅडम. शेषराव हाय ना तिथं, त्यायले बरोबर समजते. आमी तं सकाळी सहालेच दोन लाद्या टाकतो. हॅलो? मॅडम? आवाज कटून राह्यला का?"

आवाज कटलेला नव्हता. मॅडमनी फोन बंद केला.

"एकतीस वर्षं झाले," शेषराव म्हणाला, "हे सत्तावीस मी बनवून राह्यलो. आज बर्फ भेटला नाही. पोरीनं जे पानी होतं तेच मोजलं. मेमो द्याचा असन तं मले द्या जी."

गोपाळकृष्ण सर लालबुंद झाले. "तायडे, हे मला आधी काहून नाही सांगितलं?" रागात पुण्याची भाषा गळून पडली.

"सर, तुमी विचारलं नाही. टप तं तिथंच होता."

चारुशीला मॅडमबद्दल मला आदर आहे तो यानंतरच्या पाच मिनिटांसाठी. वीस वर्षांची अचूकता दोन लाद्यांवर उभी होती हे कळल्यावर माणूस ओरडतो किंवा चहा मागवतो. त्यांनी थर्मामीटर मागवला, स्वतः टपात धरला, वाचला. मग दीक्षाला विचारलं, "हे पाणी सत्तावीसवर आणलं तर?"

"एकोणतीस ग्रॅम शोरा खाली बसेल, मॅडम. मग वहीतलं उत्तर येईल."

तिला वीसपैकी एकोणीस मिळाले. एक गुण अक्षरासाठी कापला. शिस्त म्हणजे शिस्त. उरलेल्या अकरांना प्रयोग पुन्हा करायला लावला, शेजारी थर्मामीटर ठेवून. दहा जणांचं अडुसष्ट ते बाहत्तर आलं. केयूर नावाच्या एकाचं तेव्हाही एक्केचाळीसच आलं. तो पुढे मोठ्या पदावर जाईल, असं मला वाटतं.

'पाण्याच्या तापमानात विनापरवाना बदल' केल्याबद्दल शेषरावला मेमो मिळाला. त्याने उत्तर लिहिलं, 'पुन्हा करणार नाही', आणि दोन महिन्यांनी निवृत्त झाला. दीक्षा अमरावतीला एम.एस्सी. करतेय. कॉलेजने समिती नेमली. समितीने चार बैठका घेऊन नवी प्रयोगवही छापली: 'खोलीचे तापमान ४३ अंश, अपेक्षित उत्तर सुमारे ७० ग्रॅम'. मग वेळापत्रक बदललं आणि परीक्षा जानेवारीत आली.

परवा मी शेषरावकडे बसलो असताना नवा परिचर धर्मपाल याचा फोन आला. मागे बर्नरचा फुरफुर आवाज येत होता.

"तात्या, पानी बावीस अंश हाय. त्रेचाळीसवर आनायले किती वेळ लागते?"

शेषरावने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, मिनिटं मोजतोय.

"बर्नर बंद कर," तो म्हणाला. "पोरायले थर्मामीटर दे, अन् जे दिसन ते लिहू दे. परीक्षक बोंबलला तं मले बलाव. आता मले कोनी मेमो देऊ शकत नाही."