साळिंदराचा पत्ता

प्राणिसंग्रहालयात मामांनी एकतीस वर्षं काढली. सुरुवात पिंजरे धुण्यापासून. निवृत्त होताना साळिंदरं, तरस आणि वटवाघळं त्यांच्या हाताखाली होती. कोणतं जनावर आज तोंड फिरवणार, हे त्यांना लांबूनच कळायचं. एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे वाचणं. सही तेवढी झोकात करत. बाकी वेळी चष्मा घरी राहिलेला असायचा. मामी होती तोवर निभावलं. ती गेल्यावर चष्मा फारच वेळा घरी राहू लागला.

भाचीने मुलांसाठी पत्त्यांचा खेळ बनवला. साठ पत्ते, साठ प्राणी. चित्रं तिने काढलेली, खाली माहिती. ज्याच्या प्राण्याचं वजन किंवा वेग जास्त, त्याने समोरच्याचा पत्ता जिंकायचा. माहिती इकडून तिकडून गोळा केलेली, म्हणून गठ्ठा तिने मामांकडे दिला आणि चुकलं असेल तिथे फुली मारायला सांगितलं. मामांनी आठवडाभर चित्रं पाहिली आणि "एकदम चोख" म्हणून गठ्ठा परत केला. खोक्यावर छापून आलं: माहिती तपासणारे, आमचे मामा.

वाचनालयात खेळ पहिल्यांदा मांडला, तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्याच खुर्चीत बसले. एका मुलीने मोठ्याने वाचलं, की साळिंदर दुरून काटे फेकून मारतं. साळिंदर काटे फेकत नाही. पाठ करून उलटं अंगावर येतं, हे त्यांच्या पोटरीला चांगलं ठाऊक होतं. पुढच्या पत्त्यावर वटवाघूळ चक्क आंधळं निघालं. वटवाघळाला दिसतं हे ग्रंथपालबाईंना ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांसमोर भाचीला सुनावलं, की मुलांच्या हाती असं काहीबाही देऊ नये. भाचीने मामांकडे एकदाच पाहिलं. मामा बुटांकडे बघत राहिले.

"चूक माझी आहे. मीच घाई केली," ती म्हणाली आणि पत्ते गोळा करू लागली.

दोन दिवस मामा तिच्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या दारात गेले. तिने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"मला वाचता येत नाही," मामा म्हणाले. "आणि परवा माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली."

"वाचता येत नाही त्याचं काही नाही, मामा. पण तिथे तरी तोंड उघडायचं होतं."

मग तिनेच गठ्ठा आणला आणि एकेक पत्ता वाचू लागली. मामा सांगत, ती खोडून लिही. अकरा पत्ते चुकलेले निघाले. दुपारपर्यंत ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

नव्या छपाईत मामांनी आपला उल्लेख काढायला लावला आणि वाचनालयात जाऊन बाईंनाही खरं काय ते सांगितलं. बाईंनी राग धरला नाही. भाचीही आता पूर्वीसारखी येते, बसते, हसते. पण ती एखादा कागद हातात घेऊन वाचायला लागली, की मामांची मान आपोआप खाली जाते.