सायकसची काणी

आमच्या पूर्णेतल्या कॉलेजच्या फाटकाशी सायकसची दोन झाडं आहेत, डावीकडे नर आणि उजवीकडे मादी. माझ्या आधीच्या सरांनी सह्याद्रीच्या घाटातून रोपं आणून ती लावली. घाटात आता ही झाडं फार थोडी उरली आहेत. या जोडीचं एक तरी बी रुजावं, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा कसली, हट्टच म्हणा. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि एक बी रुजवता आलं नाही, हे निवृत्ती जवळ आल्यावर मला फार लागायला लागलं होतं.

सायकसला फूल येत नाही. नराच्या शेंड्यातून हातभर कणीस वर येतं, पिकलं की त्यातून पिवळट पराग सांडतो. मादीच्या शेंड्यात लोकरीसारखी मऊ पानं फुटतात आणि त्यांच्या कडेला बीजांडं धरतात. ती पराग घ्यायला तयार असतात जेमतेम आठवडाभर. हे सगळं ऐन उन्हाळ्यात, आणि तेही दरवर्षी नाही. मी मात्र सुट्टी लागली की पूर्णेहून गाडी धरून मुलीकडे जायचो. जूनमध्ये परत येऊन बघावं तर कणीस गायब. बिया पुढे पोकळ निघायच्या. मी वहीत लिहायचो, ‘वेळ जुळत नाही.’ नंतर तर वर्गातही ठासून सांगायला लागलो, की घाटातलं झाड, त्याला परभणीकडचं ऊन सोसत नाही, नर आधीच उरकून मोकळा होतो. मुलं मान डोलावून लिहून घ्यायची. मला बरं वाटायचं.

निवृत्तीच्या वर्षी मी मुलीला कळवलं, यंदा येत नाही. मे महिन्यात नराचं कणीस आणि मादीची लोकर एकदमच आली. माझी वही खोटी ठरत होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. रोज सकाळी जाऊन कणीस बघून यायचो. पराग सुटला की कागदावर झाडून घ्यायचा आणि मादीवर शिंपडायचा, असं ठरवलं होतं.

एका सकाळी दहा दिवसांनी नळाला पाणी आलं. ते भरण्यात माझा अर्धा तास गेला. कॉलेजात पोचलो तर नराचा शेंडा बोडका. मागच्या भिंतीशी धूर निघत होता आणि आमचे माळीमामा विळा बाजूला ठेवून काडीने निखारे सारत होते.

“मामा, कणीस कुठंय?”

“जाळलं की, सर. काणी पडली व्हती.”

मामा पोखर्णीकडचे. उमेदीत ऊस तोडला, ज्वारी केली, मग इथे आले. ज्वारीच्या कणसात काणीचा रोग शिरला की दाण्याची भुकटी होते आणि ती उडून दुसऱ्या कणसांना लागते. म्हणून काणीचं कणीस दिसलं की कापायचं आणि जाळायचं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

मी चिडून म्हणालो, “काणी काळी असते, मामा. हे पिवळं होतं.”

“झाडच इथलं न्हाई, तर काणी इथल्यासारखी कशी असंल?” ते शांतपणे म्हणाले. “भुकटी सांडायली म्हणल्यावर मी थांबत नसतो. समोरच्या झाडाला लागली तर? दर बारीला मीच वाचवलं तिला.”

वेळ जुळत होती. दर खेपेला जुळत होती. तीस वर्षं मी शेकडो मुलांना पराग शिकवला आणि त्या झाडांना रोज पाणी घालणाऱ्या माणसाला एका शब्दाने सांगितलं नाही. मला मामांपेक्षा स्वतःचा राग आला. तिथेच उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं.

मामांनी हातातली काडी निखाऱ्यांत टाकली. मग म्हणाले, “म्हंजी ऐन लगीनसराईत मी नवरदेव कापत व्हतो.”

कणीस कापताना खांद्यावर घेतलेलं, म्हणून त्यांच्या डोक्याचा रुमाल पिवळा झाला होता. तो त्यांनीच सोडला, जपून, चारी टोकं धरून. मादीपाशी नेऊन त्या लोकरीवर हळूहळू झटकला. एवढ्याशा परागाने काय होणार, असं मला वाटलं.

पुढे मी निवृत्त झालो. बिया फुगल्या, पण फुगतात त्या पोकळसुद्धा. थंडीत त्या पिकून गळाल्यावर मामांनी पेरणीआधी बियाणं पाहतात तशा, भरीव बुडतं आणि पोकळ तरंगतं म्हणून, बादलीतल्या पाण्यात टाकल्या आणि मला फोन केला.

“सर, दाणे बुडाले.”

आमच्या भागात सोयाबीन बुडतं, तूर बुडते. ‘बुडालं’ हा शब्द ऐकून आनंद होण्याची ही माझी पहिलीच वेळ. “किती?” मी विचारलं.

“तीन. बाकी समदे तरंगायलेत.” मग त्यांनीच विचारलं, “आन् आदीच्या सालांचे किती झाले असते ओ?”

“ती चूक तुमची नव्हती, मामा. माझी होती.”

पलीकडून पेन शोधल्याचा आवाज आला.

“आता ह्यांना माती कसली, पाणी कवा, ते सांगा. आन् ह्या टायमाला समदं सांगा.”