शेडची बाहेरची कडी

"मावशी, तुम्ही ह्या मुलांना घेऊन शेडमध्ये बसा. पाहुणे जाईपर्यंत. तुमच्या त्या भोपळ्याच्या गोष्टी सांगा, म्हणजे आवाज करणार नाहीत."

शाळेच्या मोठ्या बाई असं म्हणाल्या आणि बाहेरून कडी घातली. मी हसत आत गेले होते. हसत! त्या हसण्याची अजून लाज वाटते.

वाशीतली शाळा. नव्वदीनंतरची वर्षं. आमचे मालक मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचे, लेक नववीत होती. शाळेनं कंपाउंडलगत बाग करायचं काढलं आणि पालकांना श्रमदानाला बोलावलं. सोसायट्यांतल्या आया पहिल्या शनिवारी टोप्या घालून आल्या. उन्हात वितळल्या असाव्यात, कारण पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. त्या 'मिसेस'. मी दर शनिवारी गेले. मी 'मावशी'.

जमीन कसली, सगळा भराव. कुदळ मारली की विटा, मुरूम, डांबराचे गोळे. एकदा खाली जहाजाची शिडं लागली, असं मी पोरांना शपथेवर सांगितलं. आमच्या साताऱ्याकडं एक भोपळा एवढा वाढला की पावसात लग्नाचं वऱ्हाड त्याच्यात शिरलं, आत पंगती उठल्या, आणि निघताना नवरी आतच विसरली. पोरं खोऱ्यावर रेलून हसायची, हसता हसता खणायची.

खणणारी ठरलेली. आमची माथाड्यांची आणि शेजारच्या गावठाणातली. बाकीची सावलीत बसून रोपांच्या नावाच्या पाट्या रंगवायची.

उद्घाटनाच्या सकाळी हुकूम निघाला. ज्यांचे पांढरे बूट स्वच्छ, ते पुढं. आता ज्यांनी खणलं त्यांचेच बूट मळणार ना! घासून घासून साबण संपले, मुरमाचा लाल डाग काही निघाला नाही. मोठ्या बाईंनी खाली बघत बघत एकेकाला रांगेतून बाजूला काढलं. माझ्या पोरीलाही. माझ्या चपलांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मावशी तर रांगेत नव्हतीच.

पत्र्याची शेड. शेणखताच्या गोण्या, जुनी खोरी, पाण्याची मोटर आणि आम्ही. आत असा उकाडा की कोंबडीनं उकडलेलीच अंडी घातली असती. मी भोपळा सुरू केला. कुणी हसेना. बाहेर माइकवर चाललेलं, "ही बाग आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घामातून फुलवली..." टाळ्या.

गावठाणातला दिन्या पत्र्याच्या भोकाला डोळा लावून म्हणाला, "मावशे, त्या पांढऱ्या बुटवाल्यांचे हातान नवीन खोरी दिलीन हाय. रिबीन बांधून!"

"गप रे. ऐकू जाईल."

हे कोण बोललं? मी. मोठ्या बाईंनी बाहेर कडी घातली होती, आणि आत त्यांचं काम मी करत होते. भोपळा सांगून.

मग पाहुण्यांच्या हातात पाइप दिला गेला. रोपाला पाणी घालायचं, फोटो निघायचा. पाणी येईना. येणार कुठून? मोटरचं बटण आमच्यात!

दाराच्या फटीतून मोठ्या बाईंची कुजबुज आली, "मावशी, मोटर लावा. लवकर."

माझा हात सवयीनं बटणाकडं गेला. लेकीनं मनगट धरलं.

"आई, आधी कडी."

मी हळूच म्हटलं, "बाई, आधी कडी काढता का?"

"आत्ता नाटकं नकोत. मुलीला पुढच्या वर्षी दहावीला आमच्याच शाळेतून बसायचंय ना?"

लेकीनं ते ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण मनगट सोडलं नाही. उलट नखं रुतली.

मी हाक मारली की कोयनेच्या धरणात लाटा उठतात, असं मीच सांगत फिरायचे. त्या दिवशी तो आवाज पहिल्यांदा कामाला लावला.

"आधी कडी काढा! मग पाणी!"

माइक गप्प झाला. पोरांनी खोऱ्यांनी पत्रा बडवायला घेतला. शेड ढोलासारखी वाजली.

कडी निघाली. मी बटण दाबलं आणि आम्ही बाहेर आलो. घामानं निथळत, लाल बुटांनी. टाळी एकही नाही. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. पाहुणे गाडीकडं वळले.

सोमवारी लेकीला शेवटच्या बाकावर बसवलं. मला निरोप आला, तुमच्या श्रमदानाची आता गरज नाही. घरी मालक म्हणाले, "जा, पाया पड जा त्यांच्या. दुसरी शाळा कुठनं आणणार हायेस?"

कुठून आणणार? दुसरी शाळा नव्हतीच. लेकीला रोज त्याच फाटकातून आत जायचं होतं.

शनिवारी मी गेले. शिपाई आडवा आला, "मावशी, तुम्हाला आत सोडायचं नाही, मोठ्या बाई बोलल्यात."

"मग उचलून बाहेर टाक."

माझ्याकडं बघून त्यानं विचार बदलला. मी सरळ शेडपाशी गेले. पिशवीतून मालकांचा गोणी ओढायचा हूक काढला, कडीत अडकवला आणि अंगातली सगळी ताकद लावली. खिळ्यांसकट उपटून आली. पोरं कुदळी थांबवून बघत होती. लेकही.

"मावशे, भोपळा सांग ना," दिन्या म्हणाला.

"आज नाही."

भोपळा मी अजूनही वाढवते. ही गोष्ट मात्र तसूभर वाढवलेली नाही. कुणाला गप्प बसवायला मी आता तोंड उघडणार नाही. आणि ज्या दाराला बाहेरून कडी आहे, तिथं पाय टाकायची वेळ आलीच, तर हूक पिशवीत असतो.