चौथ्या बोटाचा खड्डा

माझ्या दंडावर आणि पोटावर कातडीखाली तुरीच्या डाळीएवढे टणक खडे आहेत, लहानपणापासूनचे. उदगीरमध्ये खडा म्हटलं की मुतखडा, आणि मुतखडा म्हटलं की गल्लीतलं प्रत्येक माणूस वैद्य. शेजारच्या काकूंनी उपाशीपोटी पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण सांगितलं. खडा दंडात आहे, तो पडणार कुठून, असं मी विचारलं.

"औषधाला वाट ठाऊक असती," काकू म्हणाल्या.

लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर कॅल्शियम कमी. आजार जन्मजात निघाला. शरीर कॅल्शियम सांभाळणाऱ्या हार्मोनचं ऐकतच नाही, म्हणून रक्तात टंचाई आणि कातडीखाली साठा. आमच्या रेशन दुकानाचा कारभारही याहून फार वेगळा नाही.

त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आईनं त्या पिठाच्या डब्यामागं लपवल्या. "आधीच अंगात खडे, वरून आनखी चुना कशाला?" तर्क बिनतोड होता. दूध बंद, कढण सुरू. शिवाय रोजचं पालुपद: "माझ्या माहेरात असलं काई न्हाई. हे तुझ्या बापाच्या घराण्याचं." बाबा पेपरमध्ये तोंड घालून बसायचे.

पंधरा दिवसांनी कणीक मळताना माझे हात आखडले. बोटं चोचीसारखी जुळली ती सुटेनात. मी घाबरले, खरंच घाबरले. काकू आनंदानं म्हणाल्या, "खडा हलायलाय."

परत लातूर. शिरेतून कॅल्शियम गेल्यावर बोटं सुटली. डॉक्टरांनी मला मूठ आवळायला लावली. चौथ्या बोटाच्या सांध्यावर उंचवटा असायला हवा, तिथं खड्डा होता. मग ते आईकडं वळले. "ही या आजाराचीच खूण. हा बहुतेक आईकडून येतो. तुम्ही पण मूठ आवळा, मावशी."

आईनं आवळली. तिथंच, तसाच खड्डा.

परतीच्या एसटीत माझ्याकडं टोमणे तयार होते, दोन पिढ्यांना पुरतील एवढे. पण नळेगाव येईपर्यंत तिनं हात पदराखालून बाहेर काढला नाही, आणि मला तिची फार दया आली. मग तिनं पिशवीतून डॉक्टरांनी नव्यानं दिलेली कॅल्शियमची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"घे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आन् बापाला मुठीचं तू सांगू नको. मीच सांगते."