नातेपुत्याच्या गाण्यातलं शेवटचं कडवं

पुण्याहून नातेपुते अगदी सरळ आहे. एस.टी.त बसा, फलटण ओलांडा, उतरा. पण संगीताच्या इतिहासाचा अभ्यास इतका सरळ नसतो. त्यासाठी आधी सोलापूरला जाऊन चर्चासत्रात बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एका बसमधून उलटं, पुण्याच्याच दिशेनं, नातेपुत्याला यायचं. सोलापुरात राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण शैला फोनवर म्हणाली, "ये की गं, घरात बसून करतेस काय?" प्रश्न अपमानास्पद होता, म्हणून गेले.

सोलापुरात स्टेशनजवळ लॉज पुष्कळ आहेत. रस्त्याकडची खोली घेऊ नका. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी शोधा. चर्चासत्राच्या जेवणात पनीर होतं, आणि त्याची चव निबंधांसारखीच होती.

मुख्य निबंध नातेपुत्याच्या दिवंगत शाहीर केरूंवर होता. वस्त्यावस्त्यांतून गायन पार्टी घेऊन फिरलेला माणूस. त्यांचं एक गाणं तिकडे सगळ्यांना पाठ आहे. त्यात एक बाई सभेला निघालीय आणि तव्यावर भाकरी तशीच राहिलीय. निबंध वाचणारे सर डोळे मिटून म्हणाले, "पुरुषाच्या लेखणीत स्त्रीचं हे अंतरंग आलं कुठून? हा परकायाप्रवेश आहे!" टाळ्या पडल्या. शैला माझ्या कानात म्हणाली, "लग्न झालेला होता का गं हा शाहीर?"

होता. दुसऱ्या दिवशी पंढरपूर, माळशिरस करत आमची बस नातेपुत्याला पोचली. रस्ता चांगला आहे, पण पाणी बरोबर ठेवा. घरावर नवी दगडी पाटी लावली होती, तिच्यावर पडदा; पण कडेनं वाचता येत होतं: 'गीतकार शाहीर केरू यांचे निवासस्थान.' मुलगा वसंत धावपळीत होता. पुरुष मंडळी मांडवात बसली, आम्हां दोघींना चहा बघायला आत पाठवलं. पदव्या आमच्याकडेही होत्या, पण चहा बायकांनीच बघायचा असतो.

आत शाहिरांच्या पत्नी ताराबाई आलं ठेचत होत्या. मी सरळ विचारलं, "ते भाकरीचं गाणं शाहिरांनी कसं लिहिलं हो?"

"त्यांनी कवा भाकरी थापली?" त्या म्हणाल्या. "गाणं माजं. चाल त्यांची. पेटी लई झ्याक वाजवायचे."

"मग शेवटच्या कडव्यात 'केरू सांगे' कसं?"

"ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटी घालायचं, ही रीत हाय. पर बाईचं नाव घेतलं असतं तर लोक म्हनले असते, ही कुटल्या फडातली? पार्टीला कुनी बोलावलं नसतं. मग घातलं त्यांचं."

"आणि आता?"

"आता पाटी लावत्यात की. दगडात एकदा कोरलं, मंग माजं गाणं कायमचं त्यांचं."

वसंत दारात उभा होता. "आई, आज नको. पावणे आलेत, दादांचं नाव खराब व्हईल."

"कुनाचं नाव खराब करतीय मी? आन् माजं कुटं हाय?"

तो मांडवाकडे वळला. आम्ही चहा गाळला.

कार्यक्रमात सरांनी ताराबाईंना शाल दिली आणि माइक हातात देऊन म्हणाले, "शाहिरांचं गाणं आता त्यांच्या सहधर्मचारिणीकडून!" त्या उभ्या राहून गायल्या. आवाज चिरलेला, पण सुरात. पुढच्या ओळीला मागे बसलेल्या वस्तीतल्या बायकांनी साथ धरली. मग शेवटचं कडवं आलं:

"भाकर करपली तव्यावरी, करपू दे गं बाई,
तारा सांगे, उठा आयांनो, सभेला जायाची घाई!"

सर लगबगीनं पुढं आले, माइक घेतला. "वय झालंय, आजी नाव विसरल्या. मूळ ओळीत 'केरू' आहे."

ताराबाईंनी माइक परत मागितला नाही. "इसरले न्हाय, सर. इतकी वर्सं इसरल्याचं सोंग केलं." आणि तेच कडवं माइकशिवाय पुन्हा म्हटलं. या वेळी मागच्या बायकांनीही "तारा सांगे" म्हटलं. वसंत पडद्याची दोरी हातात धरून उभा राहिला. त्यानं ती ओढली नाही. शेवटी सरांनीच ओढली.

परतीला मी बसमध्ये चढले नाही. फलटणमार्गे पुण्याला सरळ आले. पुढं चर्चासत्राचं पुस्तक टपालानं आलं. परकायाप्रवेश जिथल्या तिथं होता. खाली बारीक टीप: 'शेवटच्या कडव्यात एक पाठभेद आढळतो.' म्हणजे ताराबाई पाठभेद झाल्या!

मी शैलाला फोन करून भांडले. ती बिचारी काय करणार? पण तिनं सांगितलं की नातेपुत्यात बायका आता ते गाणं पाठभेदासकटच म्हणतात.

तेव्हा कधी गेलात, तर स्टँडवर उतरून शाहीर केरूंचं घर विचारू नका. ताराबाईंचं घर विचारा. आधी कुणाला कळणार नाही. पुन्हा विचारा.