चौकशीबाई गप्प बसल्या

त्यांना सगळे चौकशीबाईच म्हणत. अपंग मुलांच्या घरी जायचं आणि तिथलं गाऱ्हाणं दवाखान्याच्या कानावर घालायचं, ही त्यांची नोकरी. पण खोदून खोदून विचारणं हा मूळचा स्वभाव! लग्न ठरताना त्यांनीच सासूला प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं म्हणे.

त्या दिवशी प्रश्न एकच होता. दवाखान्याने आठ वर्षांच्या चिमणीला मापाची खुर्ची दिली होती. पट्टे, गादी, पाय ठेवायला पुढे फळी, सगळं व्यवस्थित. खुर्चीत बसली नाही तर पोरीची पाठ वाकत जाणार होती. पण बसवलं रे बसवलं की ती आकांत मांडायची. आता दवाखाना म्हणत होता, वापरत नसाल तर परत करा, दुसरं मूल वाट बघतंय.

"पट्टा काचत असेल," बाबा म्हणाले.

"कसला पट्टा! हट्टी आहे नुसती," आई म्हणाली.

"तिला विचारलंत?" चौकशीबाई म्हणाल्या.

"अहो, एक शब्द काढायला तिला किती वेळ लागतो! मला कळतं तिच्या मनातलं."

चौकशीबाई सतरंजीवर चिमणीशेजारी बसल्या. "काय गं, खुर्ची का नको?"

पोरीचे ओठ हलू लागले. आई मध्ये बोलणार, तोच बाईंनी हात वर केला. दुखतं का? भीती वाटते का? त्यांच्या स्वतःच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली होती. सगळे गिळले बिचारीने! आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नसेल.

"भिं...त," चिमणी म्हणाली. "भिंत... दिसते."

खोली अरुंद, त्यात भलंमोठं कपाट. फळी जायच्या-यायच्या वाटेत यायची, म्हणून खुर्ची कायम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. बाई उठून खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई! पोरीचं माप घेतलं, खोलीचं कुणी घेतलंच नाही!"

बाबांनी आणि बाईंनी मिळून कपाट बाहेरच्या व्हरांड्यात ढकललं. दोघं घामाघूम. आईने तोवर कोपऱ्यातल्या शेगडीवर चहासाठी दूध तापत ठेवलं. खुर्ची फिरवून चिमणीला बसवलं, तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

ती रडली नाही. तिने खोलीभर नजर फिरवली, मग आईच्या मागे बघितलं.

"आई... दू..."

आईने वळून पाहिलं. तिला सगळं कळलं, हात शेगडीकडे गेलासुद्धा. पण ती थांबली आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दूध... उतू... जातंय."

"हो गं माझे बाई," म्हणत आईने शेगडी बंद केली, तेव्हा अर्धं दूध ओट्यावर होतं आणि तिला रडू आवरत नव्हतं.